सूत बाहेरचं, कापड आपलं

काही वर्षांपूर्वी जळगावच्या एका कविसंमेलनात गझल वाचून मी जागेवर येऊन बसलो. शेजारचे गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "छानच! मूळ उर्दूत कोणाची हो?" मी म्हटलं, "मूळ मराठीतच आहे, माझीच." ते हसले, पण त्यांना ते फारसं पटलं नसावं. माझं नाव ऐकूनच त्यांनी ठरवलं होतं की ही मराठी कुठून तरी आणलेली असणार. रात्रीच्या एसटीनं धुळ्याला परतताना एकच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. मूळचं म्हणजे नेमकं काय?

या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं ते एका सिनेमात. तेही मालेगावच्या.

पण त्याआधी थोडं कॉमिक्सविषयी. आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स भाड्यानं मिळत. १९६४ साली सुरू झालेल्या या मालिकेतला फँटम मराठीत 'वेताळ' झाला. मूळ कथेतल्या त्याच्या देशाचं नाव आपल्या बंगालशी मिळतंजुळतं होतं, म्हणून इथल्या आवृत्तीत तो देश 'डेंकाली' झाला. आम्हा पोरांना हे काहीच ठाऊक नव्हतं. आमच्या लेखी वेताळ आपल्याच सातपुड्यात कुठेतरी राहत होता.

सुपरमॅनची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही अमेरिकेतली दोन तरुण मुलं, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली. त्यांचा सुपरमॅन १९३८ साली छापून आला. त्याचे हक्क त्यांनी अवघ्या १३० डॉलरला विकले होते. आज सगळं जग ज्याला अस्सल निर्मिती म्हणतं, त्या सुपरमॅनमध्येही उसनवारी होतीच. मंगळावर जाऊन लांबलांब उड्या मारणारा माणूस एडगर राइस बरोज यांच्या कादंबऱ्यांत आधीच होता, आणि शुस्टरनं नायकाचा रुबाब मूकपटातल्या डग्लस फेअरबँक्सवरून घेतला. मग त्या दोघांचं स्वतःचं काय? दूरच्या, नष्ट झालेल्या मुलखातून आलेलं पोरकं मूल परक्या घरी वाढतं आणि त्याच गावाचं रक्षण करतं, ही कळ त्यांची होती. ती स्थलांतरितांच्या घरातली होती.

हाच सुपरमॅन पुढे आमच्या शेजारी आला. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात आहे, पण १८६९ साली नाशिक जिल्हा होईपर्यंत तो भाग खानदेशातच मोडत होता. धुळ्याहून आग्रा रोडनं निघालं की तासाभराची वाट. उत्तरेतून, विशेषतः १८५७ नंतर, आलेल्या विणकरांनी हे गाव वाढवलं. आज तिथं यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालतो. शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टीचा विसावा म्हणजे सिनेमा.

त्या गावात शेख नासिर नावाचा तरुण व्हिडिओ पार्लर चालवायचा. चित्रपटांचे तुकडे जोडता जोडता तो संकलन शिकला आणि २००० साली त्यानं 'मालेगाव के शोले' काढला. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. डाकूंना घोडे कुठून आणायचे? म्हणून ते सायकलींवर आले. कॅमेरा सरकवायलाही सायकल, आणि तो उंच न्यायला बैलगाडी. नंतर त्यानं सुपरमॅन हाती घेतला. नायक शफीक, हाडकुळा, मागावर काम करणारा. अंगात सुपरमॅनचा वेश आणि चड्डीची नाडी बाहेर लोंबणारी. त्याच्यासमोरचा खलनायक जग जिंकायला निघालेला नव्हता, त्याचं प्रेम घाणीवर होतं. मालेगावच्या गटारी ज्यानं पाहिल्या आहेत, त्याला हा खलनायक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

फैझा अहमद खान यांनी या धडपडीवर २००८ साली माहितीपट केला. शफीक पुढे कर्करोगानं गेला. २०२५ साली तर मुंबईच्या मोठ्या निर्मात्यांनी याच मंडळींवर 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट पडद्यावर आणला. ज्यांना नकलाकार म्हणून हिणवलं जायचं, त्यांचीच आता गोष्ट झाली होती.

नक्कल म्हणणाऱ्यांना मी 'शोले'चीच आठवण करून देतो. १९७५ सालचा हा चित्रपट लिहिणारे सलीम-जावेद. त्यातले सलीम खान इंदूरचे, म्हणजे याच आग्रा रोडवरचे. गावाच्या रक्षणासाठी भाडोत्री लढवय्ये आणण्याची कल्पना कुरोसावांच्या १९५४ सालच्या 'सेव्हन सामुराई'ची. तिच्यावर अमेरिकेनं १९६० साली काउबॉयपट केला. जपान, अमेरिका, मुंबई आणि मग मालेगाव. या वाटेवर फक्त शेवटच्यालाच नकलाकार का म्हणायचं?

हे मराठीला काही नवं नाही. आगरकरांनी हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं, देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला. आपल्या अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी जॉर्ज एलियटच्या 'सायलस मार्नर'वरून 'मनूबाबा' लिहिला. तोही विणकरच! इंग्लंडातला तो एकाकी विणकर मराठी मुलांना परका वाटला नाही, कारण गुरुजींनी त्याच्या डोळ्यांत आपलं पाणी घातलं.

कायदाही काहीसं असंच म्हणतो. आर. जी. आनंद यांच्या नाटकावरून एक चित्रपट बेतल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७८ साली न्यायालयानं सांगितलं की कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कोणाची मालकी नसते. हक्क असतो तो मांडणीवर.

म्हणून काहीही उचलावं, असं मात्र मी म्हणत नाही. सीगल आणि शुस्टर यांचं नाव सुपरमॅनवर पुन्हा लागायला १९७५ साल उजाडावं लागलं. तोवर दोघं हलाखीत होते. ज्याचं घेतलं त्याचं नाव पुसणं, ही खरी चोरी. नासिरनं तसं केलं नाही. त्याच्या चित्रपटाच्या नावातच शोले आहे आणि मालेगावही आहे. घेतलेलं आणि घातलेलं, दोन्ही त्यानं पाटीवर लिहून टाकलं. माझी कसोटी एवढीच आहे: त्या चित्रपटातून मालेगाव काढून घेतलं तर मागे काय उरतं? माझ्या मते, काहीच नाही. म्हणून तो त्याचा.

मालेगावच्या मागावर सूत बाहेरून येतं. तयार झालेल्या लुगड्याला मात्र कोणी सुताच्या गावाचं म्हणत नाही.

गझलही फारसीतून उर्दूत आली, माधव जूलियनांनी ती मराठीत रुजवली, सुरेश भटांनी घराघरांत नेली. मला ती माझ्या आईच्या बोलीत सुचते, कपाशीच्या, केळीच्या मुलखात. ते गृहस्थ पुन्हा भेटले तर त्यांच्यावर रागावणार नाही. त्यांना चहा पाजीन आणि सांगीन, "दादा, सूत लांबचं आहे, खरं आहे. पण हात माझा आहे आणि माग खानदेशातला आहे."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)