आजमाबादची कंपनी आणि गावसकरांचा पहिला सामना

चिक्कडपल्लीत राहणाऱ्या आपल्या जुन्या कुटुंबांना आजमाबाद नवे नाही. तिथला वझीर सुलतान टोबॅकोचा कारखाना, म्हणजे आजची व्ही.एस.टी., आणि आपली चिक्कडपल्ली यांचा पिनकोडही एकच: ५०००२०. 'चारमिनार' सिगारेटमुळे ही कंपनी देशभर पोहोचली. मराठी क्रिकेटशी तिचे असलेले नाते मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

कंपनीची स्थापना १९३० सालची. मोईन-उद्-दौला सुवर्णचषक स्पर्धाही हैदराबादेत १९३०-३१च्या हंगामात सुरू झाली. १९६२-६३ ते १९७३-७४ या काळात तिच्या सामन्यांना प्रथम श्रेणीचा दर्जा होता. असोसिएटेड सिमेंट आणि स्टेट बँक यांचे संघ मैदानात उतरत. वझीर सुलतानने संघ उतरवला तो 'कोल्ट्स' या नावाने. कोल्ट म्हणजे शिंगरू. क्रिकेटमध्ये तरुण, उमेदवार खेळाडूंच्या संघाला हे नाव देतात.

१९६६-६७च्या हंगामात याच कोल्ट्सकडून डुंगरपूर इलेव्हनविरुद्ध एक सतरा वर्षांचा मुंबईकर मुलगा खेळला. शालेय क्रिकेटमध्ये तो गाजलेला होता. नाव सुनील मनोहर गावसकर. त्यांच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीची पहिली नोंद या सामन्याची आहे. पुढची दोन वर्षे मुंबईच्या रणजी संघात असूनही त्यांना सामना मिळाला नाही. १९६८-६९मध्ये म्हैसूरविरुद्ध संधी आली, तेव्हा ते शून्यावर बाद झाले. त्यानंतर १९७१मध्ये वेस्ट इंडीजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा आणि १९८७मध्ये कसोटीतील दहा हजार धावांचा टप्पा, हा इतिहास आपल्याला पाठ आहे.

हैदराबादेतला तो सामना झाला नसता तरी गावसकर घडलेच असते. पण ज्या वयात मुंबईच्या संघाचे दार उघडत नव्हते, त्या वयात एका कंपनीच्या संघाने त्यांना मोठ्यांच्या मैदानात उभे केले, हे खरे.

कंपनीने हे निव्वळ परोपकार म्हणून केले, असे म्हणण्याचे कारण नाही. संघाबरोबर नावही गाजते. १९८६मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची एकदिवसीय मालिका 'चारमिनार चॅलेंज' या नावाने झाली. पण मुलांच्या आवडत्या खेळावर तंबाखूचे नाव असणे बरे नव्हे. २००३च्या कायद्याने तंबाखू उत्पादनांच्या जाहिरातीला आणि प्रायोजकत्वाला बंदी घातली, ती योग्यच झाली.

नाव गेले, तरी गरज उरली. सतरा वर्षांच्या मुलाला आजही बॅट, प्रवासखर्च आणि संघात एक जागा लागते. आपला उत्सव आणि ही स्मरणिका गल्लीतल्या दुकानदारांच्या व व्यावसायिकांच्या हातभारावर उभी राहते. त्याच हातांनी आपल्या भागातल्या मुलांचा एखादा संघ उभा केला, तर आजमाबादच्या त्या परंपरेतला चांगला भाग आपण जपला असे होईल.