महाबळेश्वरच्या डोंगरावरची ढगांची लॅब: ती नेमकं काय मोजते?

आमच्या शेगावात पावसाळ्यात मोबाईलवर सगळ्यात जास्त उघडलं जाणारं ॲप म्हणजे हवामानाचं. सोयाबीन पेरायचं की थांबायचं, कपाशीवर आज फवारायचं की उद्या, हे बऱ्याच घरांत ॲपमधला ढग बघून ठरतं. पण त्या ढगामागचं गणित येतं कुठून?

त्यातला एक धागा महाबळेश्वरला जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2012 मध्ये तिथे, सुमारे 1,380 मीटर उंचीवर, ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा सुरू केली. डोंगरच का? कारण पावसाळ्यात तिथे ढग पकडायला विमान लागत नाही, ढगच लॅबच्या दारात येतो. शिवाय शहराचा धूर कमी.

तिथलं एक यंत्र मला फार आवडतं: डिस्ड्रोमीटर. साधं पर्जन्यमापक फक्त किती मिलिमीटर पडला ते सांगतं. हे प्रत्येक थेंब किती मोठा आहे ते सांगतं. दुसरं यंत्र हवेतले बारीक कण मोजतं, पण सगळे नाही. हवेत मुद्दाम दमटपणा वाढवून ज्या कणांवर पाणी धरतं तेवढेच. कण जास्त झाले की तेवढंच पाणी अनेक छोट्या थेंबांत वाटलं जातं, आणि छोटे थेंब लवकर खाली पडत नाहीत. म्हणजे धूळ-धुराचा पावसाशी थेट संबंध आहे.

आता फोनमधली गंमत. काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. शेगाव 300 मीटरच्या आसपास, त्यामुळे इथे तो साधारण 970 हेक्टोपास्कल दाखवेल, महाबळेश्वरला 860-870. हवामानाच्या ॲपमध्ये मात्र दोन्हीकडे आकडा हजाराच्या आसपास दिसतो, कारण ॲप तो समुद्रसपाटीला आणून दाखवतं. सेन्सर बिघडला असं समजू नका.

एवढी वर्षं तेच तेच का मोजायचं? एका पावसाळ्यावरून काहीच कळत नाही म्हणून. हवाईच्या मौना लोआ डोंगरावर 1958 मध्ये कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात झाली, तेव्हा आकडा दहा लाखात 313 च्या आसपास होता. आज तो 420 च्या वर आहे. दोन-तीन वर्षं मोजून थांबले असते तर ही चढण इतकी स्पष्ट दिसलीच नसती. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये ज्वालामुखी फुटून तिथला रस्ता आणि वीज तुटली, तेव्हा मोजणी तात्पुरती शेजारच्या मौना केआ डोंगरावर हलवली, पण नोंद चालू ठेवली.

मग महाबळेश्वरचे आकडे आमच्या शेताला लागू पडतात का? माझ्या मते जसेच्या तसे नाहीत. घाटावरचा बराचसा पाऊस कमी उंचीच्या ढगांतला, संततधार आणि बारीक थेंबांचा. विदर्भात गडगडाट करणारे उंच ढग जास्त. दोन्हीकडे ढगाच्या आतलं काम वेगळं चालतं, त्यामुळे संगणकाच्या मॉडेलला दोन्हीकडची मोजमापं हवीत. याच संस्थेने मध्य प्रदेशात भोपाळजवळ सिलखेडा इथे सपाटीवरचं मोठं निरीक्षण केंद्र उभं केलंय. 2024 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. ते मान्सूनच्या मुख्य पट्ट्यात येतं. शेगावकरांनी महाबळेश्वरइतकंच लक्ष तिकडेही ठेवावं, कारण आमच्या पावसाचा स्वभाव त्या सपाटीच्या जास्त जवळचा आहे.