खंडेराव मार्केट आणि मुलांच्या हाती द्यावयाची पुस्तके

बडोद्याचे खंडेराव मार्केट इ. स. १९०६ मध्ये उभे राहिले. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या हाती राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे १८८१ च्या डिसेंबरात आली. त्या कारभारास पंचवीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने, दत्तक पिते खंडेराव महाराज यांच्या स्मरणार्थ, ही घुमटांची वास्तू उभारून नगरपालिकेस अर्पण करण्यात आली. देवपूजेची फुले घेण्यासाठी तेथील बाजारात जाणाऱ्या आमच्या वाचकांस ती परिचित असेलच. पण त्याच १९०६ साली आणखी दोन गोष्टी घडल्या, आणि त्यांच्यासाठीच आम्ही या मार्केटाची आठवण काढीत आहो. अमरेली भागात १८९३ पासून प्रयोगादाखल चाललेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण त्या वर्षी सबंध बडोदे संस्थानात लागू झाले. आणि इकडे वासुदेव गोविंद आपटे यांनी मुलांसाठी 'आनंद' मासिक सुरू केले. एकीकडे वाचावयास शिकण्याची सक्ती, दुसरीकडे वाचनातील गोडी! या दोहोंची गाठ पडल्यावाचून मूल वाचक होत नाही, असे आम्हांस वाटते.

सयाजीरावांस हे कोणी शिकवावयास नको होते. कवळाण्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बडोद्यास दत्तक आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्यास अक्षरओळखही नव्हती. आज ज्या वयाच्या मुलांस काय वाचावयास द्यावे म्हणून आईबाप चिंता करतात, नेमक्या त्या वयात त्याने पाटी हाती घेतली. पुढे या राजाने अमेरिकेतील ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास तेथून बोलावून घेतले. बॉर्डन १९१३ पर्यंत राहिले. लोखंडी मांडण्या व काचेच्या तक्तपोशीचे मध्यवर्ती ग्रंथालय, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या नेणारी फिरती ग्रंथालये, मुलांसाठी निराळा विभाग, अशी ती योजना वाढत गेली. बडोद्यात शिकत असताना विनोबांनी याच मध्यवर्ती ग्रंथालयातील पुस्तकांचा फडशा पाडला होता.

संस्थानाने 'सयाजी बालज्ञानमाला'ही काढली. तिच्या नावातच ज्ञान आहे, आणि ते मुलांस हवेच. मात्र हसू हे सरकारी खात्यातून निघत नाही. ते बडोद्यात निघाले एका पालीच्या प्राध्यापकाच्या घरून. चिंतामण विनायक जोशी हे बडोदे कॉलेजात पाली शिकवीत, पुढे संस्थानाच्या दप्तरखान्याचे काम पाहत; जातककथांचे ते गाढे व्यासंगी. त्याच लेखणीतून चिमणराव आणि गुंड्याभाऊ जन्मास आले. 'चिमणरावांचे चऱ्हाट' १९३३ साली प्रसिद्ध झाले. बुद्धाच्या पूर्वजन्मींच्या कथांत रमणारा हा पंडित एका भित्र्या कारकुनाच्या फजितीवर महाराष्ट्रास हसवितो, यात आम्हांस तरी विसंगती दिसत नाही. आपल्या देवळातला कीर्तनकार पूर्वरंगात वेदान्त सांगतो आणि आख्यानात बाळकृष्णाच्या खोड्या सांगून सभामंडप हसवून सोडतो, त्यातलाच हा प्रकार.

तेव्हा "विनोदी पुस्तके मुलांस उथळ करतात" हा आक्षेप आपल्या समाजात तरी कोणी घेऊ नये. 'श्यामची आई' मुलांनी वाचावीच, वाचून रडावेही. पण केवळ रडविणाऱ्या पुस्तकांवर नववर्षांचे पोर वाचनाकडे वळेल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

आमची शिफारस विचाराल तर आरंभ ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'पासून करावा, आणि घरात मुलगी असेल तर 'चिंगी'ही जोडीस असावी. (मुलग्यांनीही 'चिंगी' वाचावी, बिघडत काहीच नाही.) पोरका गोट्या हसवितो, पण त्या हसण्याच्या तळाशी एक ओलावा आहे. त्यानंतर भा. रा. भागवत. फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे सायकलीवर टांग टाकून संकटात शिरतो आणि 'ट्टॉक्' करीत त्यातून बाहेर येतो. त्याच्या मागे धावताना कठीण शब्द अडत नाहीत. पुस्तकवेडा बिपिन बुकलवार हाही भागवतांचाच मानसपुत्र. जूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, त्यांतील 'चंद्रावर स्वारी' व 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही पुस्तके भाषांतरे आहेत हे वाचणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

चिमणराव मात्र मुलाच्या हाती देऊन मोकळे होऊ नये. ती भाषा व तो पुणेरी संसार आता दूर गेला. लग्नकार्यांवरील काही विनोद आज जुनाट वाटतील. आजोबांनी दोनचार प्रकरणे निवडून रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचून दाखवावीत. आवाजात चढउतार आला की मुले आपोआप जवळ सरकतात.

बडोद्यातील मराठी घरांपुढे आणखी एक प्रश्न आहे, आणि गोव्याबाहेरील कोकणी घरांसही तो ओळखीचा वाटेल. शाळा गुजरातीची वा इंग्रजीची, बाजारातली बोली गुजराती. मराठी उरते ती स्वयंपाकघरात आणि आरतीत. केवळ तेवढ्यावर भाषा बोलता येते, वाचता येत नाही. अशा घरी शुद्धलेखनाच्या वहीपेक्षा एक फास्टर फेणे अधिक काम करील, कारण पुढे काय झाले हे कळण्यासाठी मूल स्वतः पान उलटते. गुजराती पुस्तकांचा मत्सर करण्याचेही कारण नाही. हरिप्रसाद व्यासांचे बकोर पटेल, म्हणजे माणसासारखा संसार करणारे ते बोकडमहाशय, आणि जीवराम जोशींचे मियां फुसकी ही मंडळी गोट्याच्या पंक्तीस बसण्याजोगी आहेत. लिप्याही बहिणीबहिणीच, एक येत असेल तर दुसरी थोड्या दिवसांत साधते.

मुंजीत बटूस चांदीची भांडी पुष्कळ येतात. पुढच्या मुंजीस जाताना आहेराच्या पाकिटासोबत 'गोट्या' न्यावा, आणि बटूची बहीण शेजारी उभी असेल तर तिच्यासाठी 'चिंगी'ची एक प्रत पिशवीत असू द्यावी.