पद्मिनीचे इंजिन आणि इटलीच्या शर्यती

मुंबईची ओळख बनलेली काळी-पिवळी ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून निवृत्त झाली. शेवटच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. या साध्या गाडीच्या इंजिनाचे मूळ इटलीत असून, तेथील मोटार शर्यतींच्या इतिहासाशी त्याचे जवळचे नाते आहे.

१९३७ चे इंजिन

तुरिन येथील फियाट कंपनीने १९३७ मध्ये ‘५०८ सी’ ही गाडी बाजारात आणली. तिच्या आरेखनात दान्ते जाकोसा या अभियंत्याचा प्रमुख वाटा होता. चार सिलिंडरच्या या इंजिनाची क्षमता १०८९ सीसी, सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर होती. त्याच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला नसून डोक्यावर होत्या. त्यामुळे हवा व पेट्रोलचे मिश्रण सरळ मार्गाने आत येई आणि लहान इंजिनातूनही अधिक शक्ती मिळे. इंजिनाची शक्ती ३२ अश्वशक्ती होती.

लहान इंजिनातून जास्तीत जास्त शक्ती काढण्याची गरज इटलीत दुहेरी होती. तेथे मोटारीवरील कर इंजिनाच्या आकारावर अवलंबून असे आणि पेट्रोल महाग होते. शर्यतींतही इंजिनाच्या क्षमतेनुसार गट पाडले जात व ११०० सीसीचा गट लोकप्रिय होता. म्हणजे सामान्य ग्राहक आणि शर्यतपटू या दोघांची अपेक्षा एकच होती.

रस्त्यावरून शर्यतीत

अल्फा रोमिओ कंपनी सोडताना झालेल्या करारामुळे एन्झो फेरारी यांना काही वर्षे स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरता येत नव्हते. त्यांनी १९४० मध्ये मोदेना येथे ‘ऑटो आविओ कोस्त्रुत्सिओनी ८१५’ ही पहिली गाडी तयार केली. आल्बेर्तो मासिमीनो यांनी आरेखित केलेल्या तिच्या आठ सिलिंडरच्या, सुमारे दीड लिटर क्षमतेच्या इंजिनात फियाट ५०८ सी च्या इंजिनाचे भाग वापरले होते. त्या वर्षीच्या ‘मिले मिलिया’ शर्यतीत अशा दोन गाड्या धावल्या. एक आल्बेर्तो आस्कारी चालवीत होते. दोन्ही गाड्या शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. पण फेरारींच्या वाटचालीचा आरंभ येथेच झाला.

युद्धानंतर जाकोसा यांनीच ‘चिसितालिया डी ४६’ या शर्यतीच्या गाडीची रचना केली. तिच्यात फियाट ११०० चेच इंजिन सुधारून बसविले होते. वळणावर तेल एका बाजूला सरकून बेअरिंग कोरडे पडू नये, म्हणून वंगणाची टाकी वेगळी ठेवण्यात आली. संपीडन वाढवून शक्ती साठ-सत्तर अश्वशक्तीपर्यंत नेली. सप्टेंबर १९४६ मध्ये तुरिन येथील शर्यत कंपनीचे मालक पिएरो दुसिओ यांनी याच गाडीतून जिंकली. पुढच्या वर्षी मिले मिलियामध्ये तात्सिओ नुवोलारी यांनी चिसितालियातून दुसरा क्रमांक मिळविला.

शर्यतीतून रस्त्यावर

उलट दिशेचा प्रवास आउरेलिओ लाम्प्रेदी यांनी घडविला. फेरारीत असताना त्यांनी बनविलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनाच्या बळावर आस्कारी १९५२ व १९५३ मध्ये विश्वविजेते झाले. लाम्प्रेदी १९५५ मध्ये फियाटमध्ये आले. शर्यतीच्या गाड्यांत रूढ असलेली दोन कॅमशाफ्टची रचना त्यांनी १९६६ मध्ये ‘१२४ स्पोर्ट’ या तुलनेने स्वस्त गाडीत आणली आणि साखळीऐवजी दात्यांचा रबरी पट्टा वापरून तिचा खर्च व आवाज दोन्ही कमी केले. याच कुळातील इंजिनांनी पुढे फियाट १३१ आबार्थला १९७७, १९७८ व १९८० मध्ये, तर लान्चा डेल्टाला १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे जागतिक रॅली अजिंक्यपद मिळवून दिले.

भारतात काय आले, काय राहिले

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. तिलाच १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मद्रासजवळील शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फेरबदल केलेल्या फियाट शर्यतीतही धावल्या. मात्र बंदिस्त बाजारपेठेत कारखान्याला इंजिन बदलण्याची निकड भासली नाही. १९३७ चीच १०८९ सीसी क्षमता, सुमारे ४० अश्वशक्तीसह, शतकाच्या अखेरपर्यंत कायम राहिली. १९८५ मध्ये आलेल्या ‘११८ एनई’ या गाडीचा सांगाडा फियाट १२४ चा होता, पण इंजिन जपानच्या निस्सानचे. लाम्प्रेदींचे इंजिन त्या गाडीबरोबर भारतात आले नाही.

अर्थात इटलीतील प्रत्येक सुधारणा शर्यतीतूनच आली असे नाही. डिझेलची ‘कॉमन रेल’ पद्धती फियाट समूहाच्या संशोधन केंद्रांत विकसित झाली व बॉशने ती उत्पादनयोग्य केली. १९९७ मध्ये ती अल्फा रोमिओ १५६ मध्ये प्रथम आली. तिच्यावर आधारलेले १२४८ सीसीचे ‘मल्टिजेट’ इंजिन पुण्याजवळील रांजणगाव येथे बनले आणि टाटांच्या गाड्यांतही बसविले गेले. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ निकष लागू झाल्यावर त्याचा येथील प्रवास थांबला.

शर्यतीचे मैदान असो वा संशोधन केंद्र, इंजिन सुधारत राहते ते सततच्या कसोटीमुळे. परवान्याने आराखडा मिळतो; कसोटी घेण्याची सवय मात्र प्रत्येक देशाला स्वतःच लावून घ्यावी लागते. पद्मिनीची टिकाऊ, पण न बदललेली कारकीर्द हेच सांगते.