मंगळवेढा : काळ्या रानाचा तालुका

सोलापूरच्या पश्चिमेला सुमारे 55 किलोमीटरवर मंगळवेढा आहे. भीमा आणि माण या नद्यांच्या आसपासची इथली जमीन खोल, काळी, चिकण. दक्षिणेकडे कर्नाटक आणि जतच्या सीमेकडे जावे तसे रान हलके, मुरमाड होत जाते. एकाच तालुक्याचे हे दोन स्वभाव, आणि इथला बराचसा इतिहास पहिल्याने, म्हणजे ज्वारी पिकवणाऱ्या काळ्या रानाने घडवला.

बाराव्या शतकात कल्याणी चालुक्यांचे मांडलिक असलेल्या कलचुरींची ही राजधानी होती. कलचुरी बिज्जलाने चालुक्यांची सत्ता बळकावल्यावर राजधानी कल्याणला गेली. महात्मा बसवेश्वर बिज्जलाच्या सेवेत प्रथम इथेच होते, अशी परंपरा आहे. पुढे गाव बहामनी आणि आदिलशाही अमलात गेले. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात बिदरच्या बादशहाचा अंमलदार दामाजीपंत याने सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, आणि त्या धान्याची रक्कम विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन भरली, ही कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेला कोठार लागते, आणि ते मंगळवेढ्यात असणे स्वाभाविकच होते. संत कान्होपात्रा इथलीच. चोखामेळा 1338 साली इथेच गावकुसाचे बांधकाम करताना भिंत कोसळून दगावले. त्यांची समाधी मात्र पंढरपूरला महाद्वारासमोर आहे.

सैन्यांनाही हा मुलूख सोयीचा वाटला. 1665 अखेर विजापूरवरील मोहिमेत मिर्झाराजे जयसिंह आणि शिवाजी महाराजांच्या फौजांनी मंगळवेढ्याचा किल्ला घेतला. औरंगजेबाने 1695 ते 1699 अशी चार वर्षे भीमाकाठच्या ब्रह्मपुरीला तळ ठोकला आणि तिचे नाव इस्लामपुरी ठेवले. शेजारच्या माचणूरला नदीकाठी किल्ला आणि सिद्धेश्वराचे मंदिर आजही आहे. मराठेशाहीनंतर तालुका पटवर्धनांच्या सांगली संस्थानात राहिला. 1948 साली संस्थान विलीन झाल्यावर सोलापूर जिल्ह्यात आला.

काळ्या रानातल्या या ज्वारीचे तंत्र साधे आहे, पण अचूक वेळेचे. पावसाळ्यात रान पेरायचे नाही, नुसते पाणी पिऊ द्यायचे. परतीच्या पावसाच्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरणी होते. त्यानंतर पाऊस आला नाही तरी पीक जमिनीतल्या ओलीवर तगते. उन्हाने रानाला भेगा पडू लागल्या की कोळपे घालून त्या बुजवतात, म्हणजे ओल उडून जात नाही. मालदांडी वाणाचे टपोरे, मोत्यासारखे दाणे आणि गुरांना गोड लागणारा कडबा, दोन्हींना भाव असतो. 2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले.

पाण्याची सोय झाली तिथे मात्र ऊस आला. दामाजींच्या नावाचा सहकारी साखर कारखानाही उभा आहे. दक्षिणेकडची गावे अजून पावसावरच अवलंबून आहेत. तिकडे धनगरांची मेंढरे, मराठी-कानडी मिसळलेली बोली आणि हुलजंतीची दिवाळीतली महालिंगरायाची यात्रा, असा वेगळाच मंगळवेढा भेटतो. शेतीसाठी पाणी मिळावे, ही तिथली जुनी मागणी आहे.