दिंडीच्या वाटेवर आडवी आलेली जनावरं

दिंडीची शंभर वर्षं भरली, तेव्हा वाटेवरच्या जनावरांविषयी तुम्हीच लिहा, असं मंडळींनी आम्हाला सांगितलं. आमचं शिक्षण चौथी. जुन्या विणेकऱ्यांपाशी बसून जे ऐकलं अन् आमच्या वाऱ्यांत जे पाहिलं, ते लिहितो.

आपली दिंडी पहिल्यापासून तुकोबारायांच्या पालखीमागं चालते. हा सोहळा तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ साली सुरू केला. वरवंड सोडलं, पाटस मागं पडलं, रोटी घाट चढला, की उंडवडी गवळ्याची येईस्तोवर माळच माळ. आता ऊस दिसतो, पण पूर्वी गवत, बोरी-बाभळी अन् मेंढरांचे वाडे. सामान बैलगाडीत. त्या माळावर चिंकारा दिसायचा, लांडगा दिसायचा, ससा अन् तितर तर पायातूनच निघायचे.

जनावर दिसलं की माणूस शकुन काढतो. मुंगूस दिसलं, भारद्वाज दिसला, दिवस चांगला. आपण सगळे कुणबीच, आपल्यातही हे होतंच. म्हातारी माणसं सांगायची, एकदा चिंकाऱ्यांचा कळप चालत्या दिंडीला आडवा गेला. कोणी म्हणालं आता पाऊस येतोय, कोणी म्हणालं देवानं दर्शन दिलं. त्या वेळचे विणेकरी म्हणाले, "आपल्याला भिऊन पळाली ती. ह्यात दर्शन कसलं?" तेव्हापासून रीत पडली. जनावर आडवं आलं की वीणा जागेवर थांबते, टाळ बंद, अन् ते पार होईस्तोवर कोणी पाऊल उचलत नाही.

विणेकऱ्यांचं बोलणं मनचं नव्हतं. तुकोबांच्या चरित्रात पाखरांची गोष्ट आहे. दाणे टिपणारी पाखरं तुकोबांना पाहून उडाली. दुसरा म्हणाला असता, पाखरंच ती, उडायचीच. तुकोबांना मात्र वाईट वाटलं, की जीव आपल्याला भितो म्हणजे आपल्यातच अजून काही उरलंय. ते निश्चल उभे राहिले, अन् पाखरं परत येऊन अंगाखांद्यावर बसली. आम्ही ज्वारीच्या माळ्यावर गोफण घेऊन बसलेली माणसं, पाखरू अंगावर बसणं आमच्या नशिबी नाही. पण कीर्तनात ही गोष्ट सांगताना प्रत्येक वेळी आवाज बसतो. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आळंदीला आले, ती कथा लोकांना जास्त आवडते. पण त्या कथेत वाघाला धाकात ठेवण्याचा मोठेपणा माउलींच्या भिंतीपुढं गळून पडतो, हे लोक विसरतात.

मग संतांनी शकुन मानलाच नाही का? मानला. कावळ्याचं ओरडणं ऐकून पंढरीचा राणा येतोय का, असं विचारणारा माउलींचा अभंग घरोघरी म्हणतात. पण तिथं धंदा बरा होईल का, सोयरीक जमेल का, हे विचारलेलं नाही. ज्याची वाट पाहायची त्याचीच आठवण कावळ्यानं करून दिली. एवढा शकुन आम्हालाही मान्य आहे.

आता एक अवघड प्रसंग. निमगाव केतकीच्या अलीकडं मुक्काम, पावसाची झड. रात्री पालात पोत्याखालून नाग निघाला. पोरांनी काठ्या घेतल्या. एक आजीबाई दुधाची वाटी आणायला धावल्या, म्हणाल्या देव आला. विणेकऱ्यांनी दोघांनाही थांबवलं. "मारू नका, पुजू पण नका. वाट द्या." पालाची एक बाजू उचलली, बॅटऱ्या बाजूला घेतल्या, नाग पावसात निघून गेला. पण त्याच पालात एक माउली होती, तिचा थोरला लेक दोन वर्षांमागं पान लागून गेलेला. ती थरथरत होती. म्हणाली, "तुमचा देव गेला, माझं पोर कोण देतंय?" कोणाजवळ उत्तर नव्हतं. एकानं कर्माची गोष्ट काढली, विणेकऱ्यांनी त्याला हातानंच गप्प केलं. रात्रभर ते तिच्याजवळ बसून राहिले, अभंगसुद्धा म्हटला नाही. सकाळी ती चालली. त्यानंतरही तिनं वारी सोडली नाही, पण पालात कधी निजली नाही, गाडीतच निजायची.

त्याच वर्षी दिंडीनं ठरवलं: अंथरूण झटकून घालायचं, रात्री बॅटरीशिवाय उठायचं नाही, अन् कोणाला पान लागलं तर मांत्रिक नको, थेट सरकारी दवाखाना, इंजेक्शन. हे नियम अजून पालावर लिहून टांगतात.

आता पालखीमार्ग रुंद झाला, गाड्या धावतात. माळावर जनावर जितं क्वचित दिसतं. सडकेवर मेलेलं दिसलं तर विणेकरी थांबतात, पोरं ते कडेला नेऊन माती लोटतात. गेल्या दोन वाऱ्यांत दोन मुंगसं, एक खोकड अन् एक घोरपड.