गळाची काठी आणि काचकागद

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड-अमेरिकेंतील मासेमारीचे शौकीन ज्यास ‘कलकत्त्याचा वेळू’ म्हणत, तो हिंदुस्थानचाच. सुमारें १८४५ सालीं पेनसिल्व्हानियांत बंदुका घडविणाऱ्या सॅम्युएल फिलिपनें असा वेळू चिरून, कामट्या सरसानें जोडून गळाची काठी केली. इतिहासांत जोडणाऱ्याचें नांव राहिलें. आम्ही मात्र घासणाऱ्याचा हात थोर मानितों. वेळूचें बळ सालीलगतच्या दाट तंतूंत असतें. वरचा चकचकीत पापुद्रा तेवढा खरवडावयाचा, हलका काचकागद फिरवावयाचा, मग रोगण. हात जड पडला कीं काठी दिसावयास गुळगुळीत, पण मोठा मासा लागतांच मोडावयाची! (आजच्या कार्बनतंतूंच्या काठीसही हेंच पथ्य आहे.) विसाव्या शतकांत चीनच्या टोंकिन वेळूनें आपला वेळू मागें सारिला, त्याच्या तंतूंचा थर अधिक जाड, म्हणजे घासणाऱ्यास तेवढीच सवड अधिक.